अर्जाचे गद्य : संशोधनपदासाठी लिहिलेल्या पत्राचा वाङ्मयीन विचार

प्रस्तावना

पत्र हा वाङ्मयप्रकार मराठी समीक्षेने पूर्वीच मान्य केलेला आहे. साने गुरुजींची 'सुंदर पत्रे' असोत किंवा जी. ए. कुलकर्णी यांची पत्रे असोत, त्यांचा वाङ्मयीन अंगाने विचार झालेला आहे. पेशवे दफ्तरातील पत्रांकडेही केवळ इतिहासाचे साधन म्हणून नव्हे, तर मराठी गद्याचे नमुने म्हणून पाहिले जाते. अर्ज मात्र या विचाराच्या कक्षेबाहेरच राहिला. वास्तविक सामान्य मराठी माणूस आयुष्यात कविता लिहीत नाही, कथा लिहीत नाही, हल्ली खाजगी पत्रेही लिहीत नाही. तो लिहितो ते अर्ज. असे असूनही अर्जाच्या भाषेत कोणता 'मी' बोलतो, हा प्रश्न आपण फारसा विचारलेला नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय अर्जाचा एक विशिष्ट प्रकार आहे. जीवशास्त्रात पीएच.डी. पूर्ण केलेला तरुण पुढील दोन-चार वर्षांच्या संशोधनासाठी दुसऱ्या प्रयोगशाळेत जागा शोधतो. या पदाला रूढ मराठी नाव नाही. विद्यार्थी त्याला 'पोस्टडॉक' म्हणतात आणि सरकारी आदेशात 'रिसर्च असोसिएट' असा शब्द येतो. या पदाचा शोध प्रयोगशाळेच्या प्रमुखाला लिहिलेल्या एका पत्राने सुरू होतो. त्या पत्राचे गद्य कसे असते, तसे का असते आणि कसे असावयास हवे, याचा विचार येथे केला आहे.

निमित्त सांगणे आवश्यक आहे. अकोले तालुक्याच्या पश्चिम भागातील डोंगरी गावातून आलेला एक माजी विद्यार्थी, ज्याने पुण्यात संशोधन करून पीएच.डी. मिळविली, काही काळापूर्वी आपली पत्रे घेऊन माझ्याकडे आला. पत्रे इंग्रजीत होती आणि मी मराठीचा अध्यापक. 'सर, सत्तावीस पत्रे पाठवली, दोनच उत्तरे आली आणि दोन्ही नकाराची. भाषेत चूक आहे का, एवढे पाहा,' असे तो म्हणाला. व्याकरणाच्या चुका फार नव्हत्या. चूक असलीच तर ती व्याकरणाच्या आधीची होती. त्याच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील गाळून, त्या पत्रांचा येथे आधार घेतला आहे.

शोधाची रीत

या क्षेत्राशी परिचय नसलेल्या वाचकासाठी थोडे विवेचन करणे भाग आहे. पोस्टडॉकच्या जागा मुख्यतः दोन वाटांनी मिळतात. पहिल्या वाटेत प्रयोगशाळेच्या प्रमुखाकडे प्रकल्पाचा निधी असतो आणि तो जाहिरात देतो. दुसऱ्या वाटेत उमेदवार स्वतःची अधिछात्रवृत्ती मिळवितो. भारतात २०१५ साली सुरू झालेली नॅशनल पोस्ट डॉक्टरल फेलोशिप, जैवतंत्रज्ञान विभागाची रिसर्च असोसिएट योजना, वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची योजना ही तिची उदाहरणे होत. परदेशात युरोपची मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी, जर्मनीची हुम्बोल्ट, तसेच एम्बो या अधिछात्रवृत्त्या प्रसिद्ध आहेत. यांपैकी बहुतेक ठिकाणी यजमान मार्गदर्शकाची संमती आधी लागते. म्हणजे वाट कोणतीही असो, पहिले पत्र संस्थेला जात नाही; ते एका व्यक्तीला जाते. पुढील सर्व विवेचन या एका गोष्टीवर उभे आहे.

वेळही मोजका असतो. नॅशनल पोस्ट डॉक्टरल फेलोशिपची वयोमर्यादा ३५ वर्षांची ठेवली गेली. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास वर्ग आणि स्त्रिया यांना पाच वर्षांची सवलत, आणि मुदत दोन वर्षांची. २०२३ साली रिसर्च असोसिएटचे पहिल्या पायरीचे मासिक विद्यावेतन ५८,००० रुपये करण्यात आले. ही रक्कम लहान नाही. पण जागा मिळेपर्यंत हाती काहीच नसते, आणि गावाकडे पर्याय असतो तो तासिका तत्त्वावरील अध्यापनाचा. घरचे विचारतात, 'डॉक्टर झालास, आता नोकरी कधी?' या प्रश्नाला पोस्टडॉक हे उत्तर पटवून देता येत नाही, कारण ती नोकरी असूनही नोकरी नाही आणि शिक्षण असूनही शिक्षण नाही. सत्तावीस पत्रांमागे हा काळाचा दाब होता, हे त्यांचे परीक्षण करताना विसरून चालणार नाही.

विनंती अर्जाचा निवेदक

त्या पत्रांचा घाट जवळपास एकच होता. आरंभी आदरणीय महोदय. मग 'आपल्या नामांकित प्रयोगशाळेत काम करण्याची संधी मिळावी' अशी इच्छा. मग शिक्षणाचा क्रम आणि टक्केवारी. मग तंत्रांची यादी, जीत कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक, फ्लो सायटोमेट्री, इमेज-जे वगैरे नावे. शेवटी, माझा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती. वाचताना मला इंग्रजी शब्दांच्या खाली मराठी वाक्ये स्पष्ट ऐकू येत होती. हा आपल्या शालेय उपयोजित लेखनातला विनंती अर्ज होता. आम्हीच तो शिकविला होता.

विनंती अर्जाला हसणे सोपे आहे, पण तो ज्या जगात जन्मला तेथे तो चुकीचा नव्हता. या विद्यार्थ्याने शाळेपासून किती अर्ज लिहिले असतील याची कल्पना करावी. आश्रमशाळेतील प्रवेश, वसतिगृह, जातीचा दाखला, जात पडताळणी, शिष्यवृत्ती, आणि यांतले अनेक राजूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या नावे. या सर्व अर्जांत तो 'मी' नसून 'अर्जदार' असतो. अर्जदाराला मत नसते, कुतूहल नसते. त्याला पात्रता असते आणि जोडलेली कागदपत्रे असतात. शासनाला तेवढेच हवे असते आणि तेवढेच हवे असणे न्याय्यही आहे, कारण हक्क कुतूहलावर अवलंबून असता कामा नये. अडचण अशी की, वीस वर्षे अर्जदार म्हणून लिहिणाऱ्याला अचानक 'मी' म्हणून लिहावे लागते, आणि तो बदल त्याला कोणी सांगितलेला नसतो. प्रयोगशाळेच्या प्रमुखाला पात्रता तपासायची असतेच. परंतु त्याआधी त्याला हे जाणून घ्यायचे असते की, समोरच्या माणसाला कोणता प्रश्न पडला आहे.

'नामांकित' हे विशेषण या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. ते कोणत्याही प्रयोगशाळेला लावता येते. म्हणून ते कोणत्याच प्रयोगशाळेविषयी काही सांगत नाही. विशेषण हे पाहिल्याचे चिन्ह असावे, असे आपण कवितेच्या संदर्भात सांगतो. येथे ते न पाहिल्याचे चिन्ह झाले आहे. सत्तावीस पत्रांत नाव बदलले होते, वाक्ये तीच होती. आणि आलेले पत्र आपल्याचसाठी लिहिले आहे की नाही, हे वाचणाऱ्याला पहिल्या चार ओळींत कळते.

दोन जुनी निवेदने

नम्रता आणि लाचारी यांतील फरक आपल्या परंपरेत कोणी जाणलाच नव्हता, असे मात्र नाही. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेले निवेदन या संदर्भात पुन्हा वाचावे. ते इंग्रजीत आहे, सत्तेला उद्देशून आहे आणि औपचारिक आहे. फुले आरंभीच आपल्या अनुभवाची मर्यादा सांगतात : शिक्षणाविषयीचा आपला अनुभव मुख्यतः पुणे आणि भोवतालची खेडी एवढ्यापुरता आहे. मग आपण कोणत्या शाळा काढल्या, कोणासाठी काढल्या हे सांगतात. आणि त्या बळावर सरकारच्या शिक्षणविषयक धोरणाचे परखड परीक्षण करतात. मर्यादा सांगितल्यामुळे त्यांचा अधिकार कमी होत नाही, उलट तो तेथूनच सुरू होतो. 'मला एवढेच ठाऊक आहे, पण एवढे मला नक्की ठाऊक आहे' ही ती भूमिका. संशोधनपदासाठीच्या पत्राचा याहून चांगला आदर्श मराठी विद्यार्थ्यापुढे ठेवता येईल असे मला वाटत नाही, आणि तरीही आपण शाळेत हे निवेदन पत्रलेखनाचा नमुना म्हणून कधी शिकवीत नाही.

दुसरे उदाहरण मराठी नाही, पण सर्वपरिचित आहे. रामानुजन यांनी जानेवारी १९१३ मध्ये केंब्रिजच्या हार्डी यांना लिहिलेल्या पत्राची सुरुवात नेमकी विनंती अर्जाची आहे : मद्रास पोर्ट ट्रस्टमधील कारकून, वर्षाला वीस पौंड पगार, विद्यापीठीय शिक्षण नाही. पण अर्जदार थोड्याच ओळींत संपतो आणि पुढे पानांमागून पाने प्रमेये येतात. केंब्रिजमधील आणखी दोन गणितज्ञांनाही त्यांनी लिहिले होते. तेथून काही साधले नाही. म्हणजे पत्र उत्तम असूनही वाचणारा नसेल तर व्यर्थ, हेही या प्रकरणातून दिसते. न आलेल्या उत्तराचा दोष नेहमी लिहिणाऱ्यावर टाकू नये.

कमला भागवत आणि एक टेबल

मराठी वाचकाला याहून जवळचे उदाहरण कमला भागवत, म्हणजेच नंतरच्या डॉ. कमला सोहोनी (१९११–१९९८) यांचे आहे. त्या दुर्गाबाई भागवत यांच्या धाकट्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवी परीक्षेत पहिल्या आल्यानंतर त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला आणि संचालक सी. व्ही. रामन यांनी केवळ त्या स्त्री आहेत म्हणून तो नाकारला. त्या गेल्या, भेटल्या, कारण विचारले, आणि अखेर अटींवर प्रवेश मिळवून त्यांनी काम सिद्ध केले. ही कथा आपल्याकडे वारंवार सांगितली जाते आणि सांगितली जावी. पण तिच्या सांगण्यात एक दोष आहे. नकाराचे नाट्य संपले की कथाही बहुधा संपते. पुढे केंब्रिज, १९३९ साली पीएच.डी., अशा दोन ओळींत सर्व उरकले जाते. वाचणाऱ्या विद्यार्थिनीला जे हवे असते ते नेमके त्या दोन ओळींच्या मधल्या जागेत आहे.

तेथे काय आहे? शिष्यवृत्ती आहे, न्यूनहॅम महाविद्यालय आहे, पण जीवरसायनशास्त्राच्या संस्थेत काम करायला जागाच नाही. डेरेक रिश्टर नावाच्या संशोधकाने आपले टेबल दिवसा त्यांना वापरायला दिले. रात्री तो स्वतः तेथे असे. पुढे त्या रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींच्या पेशींवर काम करू लागल्या आणि बटाट्याच्या अभ्यासातून सायटोक्रोम सी हे द्रव्य वनस्पतीतही आहे हे दाखविता आले. सायटोक्रोम ओळखले जाते ते प्रकाश गाळून आल्यावर वर्णपटात दिसणाऱ्या काळ्या पट्ट्यांवरून. प्रतिमांकनाचे आजचे शास्त्र जन्मण्यापूर्वीचे ते एक 'पाहणे'च होते. संशोधनाचे पद म्हणजे प्रत्यक्षात काय, तर एखाद्याच्या टेबलाचा अर्धा दिवस. तो मागायचा तर आपण तेथे काय पाहणार आहोत हे सांगावेच लागते.

येथे एक प्रामाणिक नोंद आवश्यक आहे. कमलाबाईंचे वडील नारायणराव भागवत हे रसायनशास्त्राचे अभ्यासक आणि त्याच बंगळूर संस्थेचे विद्यार्थी. प्रयोगशाळेत कसे बोलावे हे त्या घरात शिकल्या होत्या. अकोल्याच्या विद्यार्थ्याला हे घर नाही. म्हणून त्याच्या पत्राची तुलना त्यांच्या धैर्याशी करून त्याला उपदेश करणे मला योग्य वाटत नाही.

काजवा : अलंकार की युक्तिवाद

मी त्याला एक काम सांगितले : इंग्रजी बाजूला ठेव आणि तुला काय पाहायचे आहे ते मराठीत एका पानात लिही. त्याने लिहून आणलेल्या पानातील आशय असा. पीएच.डी.साठी त्याने कोंबडीच्या भ्रूणातील पेशींचा अभ्यास केला होता. भ्रूण ठरावीक तासाला थांबवायचा, त्याचे काप करायचे, रंगवायचे आणि कॉन्फोकलखाली पाहायचे. कोणती पेशी कोठे आहे हे त्यातून कळते. पण ती तेथे कोणत्या वाटेने आली हे कळत नाही. त्याने दृष्टान्त दिला होता तो आठवडे बाजाराचा. भर दुपारी बाजाराचे छायाचित्र घेतले तर कोण कोठे बसले आहे हे दिसते, कोण कोणत्या गावाहून आला ते दिसत नाही. त्यासाठी पहाटेपासून घाटावर उभे राहावे लागते. मला जिवंत पेशीची वाट पाहायची आहे, असे त्याचे शेवटचे वाक्य होते. 'वाट पाहणे' या शब्दांतील दुहेरी अर्थ त्याच्या ध्यानी आलेला नव्हता. सत्तावीस पत्रांत जे नव्हते ते सर्व या एका पानात होते.

यानंतर चूक झाली ती माझी. त्याच पानात एक परिच्छेद काजव्यांविषयी होता. पावसाच्या आधी भंडारदरा, पुरुषवाडी या परिसरात झाडेच्या झाडे काजव्यांनी लुकलुकतात. लहानपणी ते पाहून जिवंत प्रकाशाची ओढ लागली, असे त्याने लिहिले होते. मराठीचा अध्यापक म्हणून मला तो परिच्छेद अतिशय आवडला आणि इंग्रजी पत्राची सुरुवात त्यानेच करावी असे मी सुचविले. त्याने मान दिला. पुढची सहा पत्रे काजव्यांसह गेली. उत्तर आले नाही.

नंतर त्याच्याकडूनच विषय समजून घेताना माझी चूक लक्षात आली. कॉन्फोकलखाली दिसणारा प्रकाश हा फ्लुओरेसन्स. बाहेरून एका रंगाचा प्रकाश टाकला की रेणू दुसऱ्या रंगाचा प्रकाश परत देतो. काजव्याचा प्रकाश त्याचा स्वतःचा, ल्युसिफेरिन या द्रव्यावर ल्युसिफरेज या विकराची क्रिया होऊन निर्माण होणारा. दोन्ही 'जिवंत प्रकाश' नव्हेत. पत्र कॉन्फोकलचे आणि सुरुवात काजव्याची, म्हणजे जाणकार वाचकाच्या दृष्टीने पहिल्याच परिच्छेदात विषयाशी विसंगती. ज्या प्रतिमेला मी काव्य समजलो ती तेथे निव्वळ अलंकार होती.

गंमत अशी की, हाच काजवा दुसऱ्या ठिकाणी युक्तिवाद होऊ शकत होता. बाहेरून टाकलेला तीव्र प्रकाश जिवंत पेशीला इजा करतो आणि रंगद्रव्यही विझवीत नेतो. म्हणून 'दीर्घकाळ पाहणे' आणि 'न दुखवता पाहणे' यांत या शास्त्राचा मूळ पेच आहे. त्यावर एक तोड २००४ पासून विकसित झालेल्या लाइट-शीट सूक्ष्मदर्शकाची : जो पातळ थर पाहायचा तेवढ्याच थरावर बाजूने प्रकाश टाकायचा. दुसरी तोड काजव्याची : ल्युसिफरेजचे जनुक पेशीत घालायचे म्हणजे बाहेरून प्रकाशच नको, मात्र मिळणारा उजेड इतका मंद की त्यासाठी फार संवेदनशील कॅमेरा लागतो आणि रेखीवपणा कमी मिळतो. ल्युसिफरेज वापरणाऱ्या प्रयोगशाळेला लिहिताना काजवा पत्रात असावा, पण बालपणाची आठवण म्हणून नव्हे, या तुलनेतला एक पक्ष म्हणून. लाइट-शीटवाल्यांना लिहिताना तो काढून टाकावा. आम्ही तसे केले. प्रतिमेचे मूल्य ती कोठे काम करते यावरून ठरते हे मी वर्गात कवितेबद्दल सांगत आलो. ते मला एका अर्जाने नव्याने शिकविले.

प्रतिमांकनाच्या क्षेत्रातील पत्राची आणखी एक कसोटी येथे नोंदवावी. या क्षेत्रात दोन स्वभावांच्या प्रयोगशाळा असतात. एका ठिकाणी सूक्ष्मदर्शकच घडविला जातो. तेथे प्रकाशशास्त्र आणि संगणकीय आज्ञावली यांची जाण लागते. दुसऱ्या ठिकाणी सूक्ष्मदर्शक साधन असतो आणि प्रश्न जीवशास्त्राचा असतो. त्या सत्तावीस पत्रांपैकी निम्मी पहिल्या प्रकाराला गेली होती, जेथे त्याच्या तंत्रांच्या यादीला काही किंमत नव्हती. यासाठी शोधनिबंध वाचावे लागतात, आणि ते समीक्षकासारखे वाचावे लागतात : यांनी काय दाखविले, काय दाखविता आले नाही, आणि त्या उणिवेत माझे काम कोठे बसते. चांगले पत्र हे एका अर्थी समोरच्याच्या लेखनाचे छोटेसे परीक्षण असते.

एवढे करूनही जागा मिळेलच असे नाही. हिरव्या प्रतिदीप्त प्रथिनाचे जनुक १९९२ साली डग्लस प्रॅशर यांनी वेगळे केले. निधी संपल्यावर काम सोडताना ते जनुक त्यांनी मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन यांना देऊन टाकले. २००८ साली या प्रथिनासाठी शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा प्रॅशर अलाबामातील एका मोटारविक्री केंद्राची गाडी चालवीत होते. उत्तम गद्य निधीची जागा घेऊ शकत नाही. 'पत्र नीट लिहा म्हणजे पद मिळेल' असे सांगणाऱ्या मार्गदर्शनवर्गांविषयी माझ्या मनात म्हणूनच संशय आहे. पत्राने साधते ते एवढेच की, नकार आलाच तर तो खरोखर आपल्याला आलेला असतो, 'अर्जदारा'ला नव्हे.

नवी पत्रे सात होती, आणि प्रत्येक वेगळे होते. लिहायला त्याला दोन महिने लागले. आरंभीचे 'आदरणीय महोदय' जाऊन तेथे नाव आले; टक्केवारी जोडपत्रात गेली; पहिल्या वाक्यात, फुल्यांच्या रीतीने, आपला अनुभव स्थिर कापांपुरता मर्यादित असल्याचे त्याने सांगितले आणि दुसऱ्या वाक्यात त्या मर्यादेमुळे पडलेला प्रश्न. एका पत्राला अकराव्या दिवशी चार ओळींचे उत्तर आले. त्यात पदाविषयी काहीच नव्हते. त्याच्या शोधनिबंधातील तिसऱ्या आकृतीत अठराव्या आणि चोविसाव्या तासांच्या मधली स्थिती का दाखविली नाही, एवढेच विचारले होते. त्याने उत्तर लिहिले आणि पाठविले. ते पत्र त्याने मला तपासायला दिले नाही.